पाळी गेल्यानंतरची हाडं: डेक्सा, गोळ्या, वजनं उचलणं आणि पडणं

वनज्योत्स्ना
रजोनिवृत्तीबद्दल बोलताना गरम वाफा, झोप, चिडचिड यांवर भरपूर चर्चा होते, कारण ते रोज जाणवतं. हाडांचं काहीच जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, आणि मग एक दिवस साधं पाय घसरून पडल्यावर मनगट मोडतं. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आधी आत काय घडतं ते. हाड सतत मोडून नव्यानं बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खरवडतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं भरतात. एक खड्डा खरवडायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला मात्र तीन-चार महिने. खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. ते उतरलं की एकदम अनेक ठिकाणी खोदकाम सुरू होतं आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधी ही झीज वेग घेते, नंतरची दोन-तीन वर्षं ती सर्वांत जोरात असते, पुढे मंदावते पण थांबत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते.

पहिला फटका मणक्यांना बसतो, कारण मणक्याचा गाभा जाळीदार असतो. त्या जाळीतली आडवी काडी एकदा आरपार तुटली की पुन्हा सांधली जात नाही. उरलेल्या काड्या औषधांनी आणि व्यायामानं जाड करता येतात, पण हरवलेली काडी परत येत नाही. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी लक्ष देणं आणि सत्तराव्या वर्षी देणं यात इतका फरक पडतो.

जास्त जपायला हवं कुणी? पाळी ४५ च्या आत गेली असेल किंवा शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय काढले असतील, आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं असेल, वजन फार कमी असेल, धूम्रपान असेल, तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, आमवात असेल, थायरॉइडच्या गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली असेल, स्तनाच्या कर्करोगानंतर अरोमाटेज इन्हिबिटर (शरीरातलं इस्ट्रोजेन घटवणारं औषध) चालू असेल. पाळी ४० च्या आत गेली तर तो वेगळाच विषय. तिथे दुसरी अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याची शिफारस असते, आणि त्यात हाडं वाचवणं हा एक मोठा हेतू असतो.

तिठा
छान सुरुवात. एक प्रश्न. बहुतेक जणी कॅल्शियमची गोळी सुरू करतात आणि निर्धास्त होतात. तेवढं पुरतं का?

वनज्योत्स्ना
नाही पुरत. कॅल्शियम म्हणजे विटा. खोदकाम थांबवायचं काम विटा करत नाहीत. पण विटाच नसतील तर बाकीचे उपाय लंगडे पडतात, म्हणून हिशोब नीट ठेवायचा.

पन्नाशीनंतर बाईला दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. हा आकडा आहार आणि गोळी मिळून आहे. सर्रास होणारी चूक म्हणजे आहारातून ७००-८०० मिळत असताना वर १००० ची गोळी घेणं. जेवढी तूट, तेवढीच गोळी. जास्तीचं कॅल्शियम हाडात जाऊन बसत नाही, लघवीतून जातं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्या गटात मुतखडे जास्त आढळले होते.

खलबत्ता
गोळीबद्दल थोडी भर घालतो, डब्यावरचे आकडे फार फसवतात.

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के. म्हणजे '१२५० मिलिग्रॅम कार्बोनेट' लिहिलेल्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच. डब्याच्या मागच्या बाजूला 'एलिमेंटल' हा शब्द शोधा, हिशोब त्याच्याच आकड्यावर करायचा.

एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून १००० लागत असेल तर दोन वेळा विभागून घ्या. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे ते जेवणासोबत. पित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर सायट्रेट बरं, ते उपाशीपोटीही चालतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवंच. लोहाच्या गोळीचीही वेळ वेगळी ठेवा, दोन्ही एकत्र घेतल्यास लोह कमी शोषलं जातं.

डी जीवनसत्त्व: बहुतेकींना दिवसाला ६०० ते ८०० युनिट पुरतात. रक्तातली पातळी '२५ हायड्रॉक्सी' या नावाच्या तपासणीत दिसते, ती २० नॅनोग्रॅमच्या वर असावी. कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे मोठी मात्रा देतात. इथे दोन चुका होतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली जाते, नाहीतर ठरलेले आठवडे संपले तरी ती चालूच राहते. डी चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, गोंधळलेपण असा त्रास सुरू होतो. आणि 'वर्षाचा डोस एकदम घेऊन टाकू' हेही नको. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिट दिले, तर त्यांचं पडणं आणि हाड मोडणं उलट वाढलं.

मोजपट्टी
डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, तिच्याबद्दल मी लिहिते. अहवाल हातात आला की बहुतेक जणी एकच आकडा बघतात.

टी-स्कोअर म्हणजे तुमची घनता तरुण निरोगी बाईच्या सरासरीपासून किती दूर आहे ते. उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया (घनता थोडी कमी), उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार). ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची, १९९४ ची. झेड-स्कोअर तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना करतो. तो उणे २ च्या खाली असेल तर वय आणि पाळी यांखेरीज दुसरं कारण शोधायलाच हवं: पॅराथायरॉइड, थायरॉइड, आतड्याचा सिलिअ‍ॅक आजार, मूत्रपिंड, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग). खरं तर औषध सुरू करण्याआधी प्रत्येकीचं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, डी, टीएसएच आणि हिमोग्राम एवढं तरी व्हावं.

आता अहवालासोबत येणारं चित्र बघा. कमरेचे चार मणके, एल १ ते एल ४, एकाखाली एक दिसतात आणि शेजारी प्रत्येकाचा टी-स्कोअर असतो. खाली जाताना आकडे हळूहळू बदलायला हवेत. एखादाच मणका शेजारच्यापेक्षा एकापेक्षा जास्त अंकानं वर असेल तर तिथे बहुधा झिजेनं वाढलेली हाडाची टोकं आहेत, किंवा तो मणका दबलाय. दबलेला मणका कमी जागेत तेवढंच हाड दाखवतो, म्हणून घनता खोटी जास्त येते. असा मणका वगळून सरासरी काढायची असते. पासष्टीनंतर कमरेचा आकडा चांगला आणि खुब्याचा वाईट असं दिसलं तर खुब्याचा धरा. दोन्ही जागा निकामी असतील, म्हणजे खुब्यात धातू आणि कमरेत स्क्रू, तर हाताच्या रेडिअस हाडाचं माप घेतात.

खुब्याचं चित्र घेताना पाय आत वळवून पट्ट्यानं बांधतात. पाय नीट वळलेला नसेल तर मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा चित्रात मोठा दिसतो आणि माप चुकतं.

पुढच्या वेळी त्याच यंत्रावर जा. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. त्याच यंत्रावरही तीन-चार टक्क्यांच्या आतला फरक मापाचाच असू शकतो, तेवढ्यानं घाबरू नका आणि खूशही होऊ नका. औषध चालू असताना एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी पुरे. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा, पोटातली न विरघळलेली गोळी चित्रात येते.

शिबिरांत टाचेवर अल्ट्रासाउंड लावून आकडा देतात. त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करायचं नसतं आणि औषधाचा परिणामही मोजायचा नसतो. कमी आला तर डेक्सा करा, एवढाच त्याचा अर्थ.

सांजवात
>> उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया
याच पट्ट्यात गोंधळ होतो. उणे २.२ असलेल्या एकीला डॉक्टर औषध देत नाहीत आणि उणे १.८ असलेल्या दुसरीला देतात. असं का?

मोजपट्टी
कारण उपचार आकड्यावर नव्हे, मोडण्याच्या शक्यतेवर ठरतो. त्यासाठी शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं फ्रॅक्स हे गणित वापरतात, २००८ पासून. वय ४० ते ९० मधलं लागतं. त्यात वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई-वडिलांचा खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड, आमवात, मद्य आणि खुब्याच्या मानेची घनता भरली की पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची टक्केवारी मिळते. अमेरिकेतल्या मार्गदर्शनात खुब्यासाठी ३ टक्के किंवा सगळी मोठी फ्रॅक्चर मिळून २० टक्के ही औषधाची रेषा आहे. इतर देशांच्या रेषा वेगळ्या आहेत. त्यामुळे ५३ वर्षांची, बाकी काही जोखीम नसलेली उणे २.२ रेषेच्या आत राहू शकते आणि ६८ वर्षांची, मनगट मोडून बसलेली उणे १.८ रेषेबाहेर जाते.

फ्रॅक्सचे दोन आंधळे कोपरे लक्षात ठेवा. वारंवार पडणं त्यात धरलेलं नाही. आणि टाइप २ मधुमेहात ते धोका कमी दाखवतं, कारण तिथे घनता बरी असली तरी हाडाचा दर्जा खालावलेला असतो.

आणखी एक. उभ्या उंचीवरून पडून खुबा किंवा मणका मोडला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच. असं हाड जोडून दिलं जातं, प्लास्टर निघतं, आणि हाडं ठिसूळ का झाली हे कुणी विचारतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढचं फ्रॅक्चर पहिल्या एक-दोन वर्षांतच होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

ताठकणा
व्यायामाचं मी घेतो. 'रोज चालते' हे उत्तर सगळीकडे मिळतं. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण चालायची सवय असलेल्या शरीराला त्यात नवा भार मिळत नाही, त्यामुळे घनता वाढत नाही. पोहणं आणि सायकल यांत तर हाडावर वजनच पडत नाही. हाडाला लागतो मोठा, थोडा वेळ टिकणारा, सवयीपेक्षा वेगळा भार.

ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीचा अहवाल २०१८ सालचा. कमी घनतेच्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठणं-बसणं), डोक्यावर वजन ढकलणं आणि उडी मारून जमिनीवर उतरणं एवढं केलं. वजन एका वेळी जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त, प्रत्येकी पाचचे पाच संच. त्यांच्या कमरेची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, हलका व्यायाम करणाऱ्या गटाची एका टक्क्यानं घटली. पण हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुरुवातीचे आठवडे फक्त ढब शिकण्यात घालवून झालं होतं. व्हिडिओ बघून पहिल्या दिवशी बार उचलू नका.

सगळ्याचं मूळ कमरेतून न वाकता खुब्यातून झुकण्यात आहे. शिकायची पद्धत: एक सरळ काठी पाठीमागे उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले हवेत. पाय खांद्याएवढे दूर, गुडघे किंचित सैल. आता ढुंगण मागे न्या, मागचं दार ढकलून लावायचं असल्यासारखं. छाती आपोआप पुढे येते. तीनपैकी एक जरी जागा काठीपासून सुटली तर तिथेच थांबा, तुमची आजची मर्यादा तेवढीच. मांडीच्या मागच्या बाजूला ताण यायला हवा, कमरेत नाही. दहा वेळा बिनचूक जमू लागलं की हातात दोन-तीन किलो, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत न्यायचं. शेवटच्या दोन आवर्तनांना जोर लागला पाहिजे. गप्पा मारत पंधरा वेळा उचललं जात असेल तर ते वजन हाडासाठी हलकं आहे.

काय टाळायचं: मणक्यात ऑस्टिओपोरोसिस असेल तर पाठ गोल करून पायाची बोटं पकडणं, सिट-अप, वजन धरून कमरेतून पिळणं. मणक्याचा पुढचा भाग चिमटला जातो आणि पाचरीसारखा दबतो. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे मणके नव्यानं दबले होते. छोटा अभ्यास आहे, पण फरक बघा. योगासनं सोडायची गरज नाही, पश्चिमोत्तानासन आणि हलासन तेवढी सोडा.

तिठा
>> हाडाला लागतो मोठा भार
गुडघे झिजलेले असतील तर उड्या कशा मारायच्या?

ताठकणा
मारायच्याच नाहीत. टाचा उचलून खाली आपटणं हा सौम्य पर्याय आहे, पण मुख्य काम वजनांवरच होऊ द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग तेच हातात वजन घेऊन. आणि प्रथिनं विसरू नका. स्नायू नसेल तर हाडाला ओढणार कोण? वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम, एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खलबत्ता
औषधं. इथे घेण्याची पद्धत चुकल्यानं फार नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅलेंड्रोनेट (हाडाची झीज आवरणारी गोळी) ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा-कॉफी नको, खनिजयुक्त बाटलीचं पाणी नको. नंतर अर्धा तास खायचं नाही, दुसरी गोळी नाही, आणि आडवं पडायचं नाही. गोळी चघळली किंवा घेऊन परत झोपलं तर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. मुळात जेमतेम एक टक्का औषध शोषलं जातं, चहासोबत तेही जातं. मग दोन वर्षांनी डेक्सात फरक नाही म्हणून औषधाला दोष मिळतो.

गोळी सोसत नसेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, शिरेतून किमान १५ मिनिटांत. पहिल्या वेळी एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉलनं निभतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतंय त्याचं माप) ३५ च्या खाली असेल तर देत नाहीत. आणि डीची कमतरता आधी भरून काढायची, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायाला मुंग्या आणि पेटके येतात.

ही दोन्ही औषधं हाडात साठून राहतात, म्हणून धोका कमी झाला असेल तर गोळी पाच वर्षांनी आणि इंजेक्शन तीन वर्षांनी थांबवून सुट्टी देता येते.

डेनोसुमॅबला सुट्टी नाही. हे ठळकपणे लिहितो. ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. ते हाडात साठत नाही. परिणाम उतरला की दाबून ठेवलेलं खोदकाम एकदम उसळतं आणि काही जणींचे एकाच वेळी दोन-तीन मणके दबतात. मागच्या इंजेक्शनपासून सात महिने उलटले की धोका सुरू. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या आखणीनं लगेच अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडवर जायचं. सुरू करण्याआधीच विचारा: हे बंद करताना पुढे काय?

फार जास्त धोका असेल तर हाड बांधणारी औषधं असतात. टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम, साधारण दोन वर्षांपर्यंत. किंवा रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, १२ महिने. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर रोमोसोझुमॅब नको. दोन्हींनंतर झीज थांबवणारं औषध घेतलं नाही तर कमावलेलं हाड निघून जातं.

सांजवात
दाताचं काय? जबड्याचं हाड सडतं असं वाचून बऱ्याच जणी औषध घ्यायला घाबरतात.

खलबत्ता
जबड्याचा तो त्रास खरा आहे, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत दुर्मिळ. कर्करोगासाठी हीच औषधं कितीतरी जास्त वेळा दिली जातात, बहुतेक रुग्ण त्यातले असतात. दात काढायचे, इम्प्लांट करायचे असतील तर आधी उरकून घ्या. सफाई, भरणं, रूट कॅनाल याला हरकत नसते. दंतवैद्याला औषधाचं नाव सांगा आणि डेनोसुमॅब मनानं पुढे ढकलू नका. दुसरी दुर्मिळ गोष्ट मांडीच्या हाडाची: बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत ठणका लागला तर एक्स-रे करा, दोन्ही बाजूंचा.

वनज्योत्स्ना
हार्मोनचा उल्लेख राहिलाय. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, गरम वाफांचाही त्रास असेल तर हार्मोन उपचारानं दोन्ही कामं होतात. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या २००२ च्या ज्या निकालांमुळे सगळे घाबरले, त्यातच खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेली होती. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. त्वचेवरचा पॅच किंवा जेल गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीनं सुरक्षित. स्तनाचा कर्करोग, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर हा मार्ग सहसा नाही. उपचार थांबवला की झीज पुन्हा सुरू होते, तेव्हा पुढचं औषध ठरवून ठेवा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासा जरी डाग दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं.

योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं हाडांना काही मिळत नाही, मात्रा फार लहान असते. पण तिचा हाडांशी आडवळणानं संबंध आहे. कोरडेपणा, सारखी लघवीला लागणं, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यावर ती काम करते. रात्री घाईघाईनं अंधारात उठणं हे पडण्याचं मोठं कारण आहे.

ताठकणा
अगदी बरोबर. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा कुशीवर पडल्यानं. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवा, सुटी पायपुसणी आणि सतरंज्या उचललेल्या, कमोडशेजारी पकडायला दांडा. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून कमी करता येते का बघा. जिना उतरताना दुहेरी काचांचा चष्मा पायरी अस्पष्ट दाखवतो.

तोल रोज: ओट्याला हात टेकता येईल असं उभं राहून एका पायावर १० सेकंद, मग हळूहळू ३० पर्यंत. मग एका पावलासमोर दुसरं लावून सरळ रेषेत चालणं.

मोजपट्टी
शेवटी उंची. मणके दबल्याची दोन तृतीयांश प्रकरणं कुणाच्या लक्षातच येत नाहीत, पाठ दुखतेय म्हणून सोडून दिली जातात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा मागच्या मापापेक्षा दोन सेंटीमीटर कमी भरली तर मणक्याचा बाजूनं एक्स-रे काढायला सांगा. माप सकाळीच घ्या, संध्याकाळपर्यंत चकत्या दबून सेंटीमीटरभर फरक पडतो. अनवाणी, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर सपाट पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवून पेन्सिलची खूण, शेजारी तारीख. त्याच वेळी डोक्याचा मागचा भाग हनुवटी न उचलता भिंतीला टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर मधलं अंतरही पट्टीनं मोजून खुणेशेजारीच लिहा.